बोर्डावरचं नाव

खडकी, पुणे ३
रविवार

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तुमच्या कॉलेजच्या रेडिओ क्लबने केलेल्या बोर्डाचा फोटो पोचला. सोल्डरिंग स्वच्छ आहे, टोरॉइडची वाइंडिंग कुठे सैल नाही, रिले ओळीने बसलेत. कोपऱ्यात क्लबचं नाव, बोधचिन्ह आणि वर्ष छापलंय. सेट चालू केला की पडद्यावरही क्लबचंच नाव येतं, असं तू कौतुकाने लिहिलंयस. ज्याचं सर्किट आहे त्याचं नाव मात्र भिंग लावूनही सापडलं नाही. वर तुझा प्रश्न: डिझाइन तर त्याने सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, मग टेकफेस्टमध्ये थोडे किट विकले तर बिघडलं कुठे? हो-नाहीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून फोनऐवजी पत्र.

आधी तो माणूस. हैदराबादचा अश्हर फरहान, कॉल साइन व्हीयू टू ईएसई. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने ‘बिटएक्स २०’ हा १४ मेगाहर्ट्‌झचा सेट प्रसिद्ध केला. तेव्हा भारतातल्या होमब्रूवाल्यांची, म्हणजे घरीच सेट बांधणाऱ्यांची, अडचण अशी होती की जपानी रिग परवडत नाही, आणि परदेशी मासिकांतली सर्किटं इथे न मिळणारे भाग मागतात. एका अमेरिकी टोरॉइडसाठी अडलेले किती सेट आपल्याकडच्या माळ्यांवर पडून राहिले असतील, देव जाणे. फरहानने हिशेबच उलटा मांडला. बाजारात जे मिळतं तेवढ्यातच सर्किट बसवायचं. टीव्हीच्या बलूनमधला फेराइट, साधे एनपीएन ट्रान्झिस्टर, शेवटच्या टप्प्याला आयआरएफ ५१० हा स्वस्त मॉस्फेट, आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा प्लॅस्टिकचा वायसर! आपल्या टापकीर गल्लीत एक चक्कर आणि कोपऱ्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानात दुसरी, एवढ्यात सामान गोळा व्हावं अशी ही यादी.

सर्किटातली गंमतही ध्यानात घे. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून कानाकडे जातो, बोलताना माइककडून अँटेनाकडे. एरवी या दोन वाटांसाठी वेगवेगळे अँप्लिफायर लावतात. बिटएक्सचे अँप्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात. कुठल्या बाजूला वीज दिली त्यावर दिशा ठरते. क्रिस्टल फिल्टरही तोच, मिक्सरही तेच. भाग वाचले, खर्च वाचला, आणि सहा-एक वॅटचा बोलका सेट नवशिक्याच्या आवाक्यात आला. २०१६ मध्ये ४० मीटरसाठी ‘बिटएक्स ४०’चा तयार बोर्ड आला. त्याचे टोरॉइड हैदराबादच्या बायकांचा एक गट हाताने गुंडाळत असे. २०१७ च्या अखेरीस आला ‘मायक्रोबिटएक्स’. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ, सुमारे दहा वॅट, वर अर्डुइनो नॅनो आणि एसआय ५३५१ ही घड्याळाची चिप. तुमचा बोर्ड याचाच वंशज. (हैदराबादेत ‘लामकान’ नावाची सर्वांना खुली सांस्कृतिक जागा आहे, तीही उभी करणाऱ्यांत हा माणूस आहे. खुलेपणा त्याच्या स्वभावातच दिसतो.)

आता मायक्रोबिटएक्सचा जो प्रोग्राम तुम्ही नॅनोत भरलात, त्यातली एसआय ५३५१ ची फाइल उघडून बघ. तिच्या माथ्यावर फरहानने जेरी गॅफ्की, केई सेव्हन ईआर, याचे आभार मानलेत, कारण ती चिप चालवणाऱ्या ओळी त्या अमेरिकी हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्याच्या. फरहानच्या आधीच्या ‘मिनिमा’ या सेटमध्ये ख्रिस ट्रास्कचा ‘किस’ मिक्सर होता, आणि तो ट्रास्कच्याच नावाने होता. ज्याने सगळं खुलं टाकलं, त्याने दुसऱ्याच्या चार ओळींवरचं नाव खोडलं नाही. तुमच्या क्लबने पडद्यावरचं नाव बदलताना ती ओळ तरी ठेवलीय का, ते आधी तपास.

कायदा काय म्हणतो हे तुझे बाबा विचारणारच, म्हणून तेही लिहितो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात आकृती ही कलाकृतीत मोडते. म्हणजे फरहानने काढलेलं सर्किटचं चित्र उचलून तुमच्या माहितीपुस्तिकेत छापायचं, तर त्याची मुभा हवी. पण चित्रावरून वस्तू बनवणं ही गोष्ट निराळी. उपयुक्त उपकरणाचा निव्वळ कामाचा भाग तांत्रिक आकृतीवरून बनवला, तर कलम ५२ त्याला उल्लंघन मानत नाही. २००० सालचा सेमीकंडक्टर लेआउटचा कायदा चिपच्या आतल्या रचनेचं रक्षण करतो, आपल्या पीसीबीचं नाही. पेटंट असतं तरी २० वर्षांनी संपतं, आणि प्रयोगासाठी वा शिकवण्यासाठी वापर करायला कलम ४७ मोकळीक देतं. थोडक्यात, घरी बसून सेट बांधणाऱ्याला कायदा फारसा अडवत नाही. ट्रॅक तुम्ही स्वतः आखलेत, हे तर उत्तमच.

प्रोग्रामचं तसं नाही. तो कायद्याच्या लेखी साहित्यकृती आहे, आणि खाजगी वापराची जी सवलत पुस्तकाला मिळते तीही त्याला मिळत नाही. फरहानने तो जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलाय. त्या परवान्यात विक्रीला बंदी नाही. किट विका, नफाही घ्या. पण मूळ सूचना काढायच्या नाहीत, बदल केला असेल तर आपण बदलला हे तारखेसह लिहायचं, आणि ज्याला बोर्ड द्याल त्याला सोर्स कोडही त्याच परवान्यावर द्यायचा. तुम्ही भरलेली नुसती हेक्स फाइल देऊन ‘कोड क्लबकडे आहे’ म्हणाल, तर परवानाच मोडला. शिवाय आपल्याकडच्या कलम ५७ प्रमाणे कृती आपली असल्याचं सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो, प्रताधिकार विकला तरी राहतो.

एवढं असूनही हार्डवेअरच्या बाबतीत कायद्याचं कुंपण विरळच आहे, आणि ते तसंच असावं असं माझं मत. सर्किटाच्या प्रत्येक तुकड्याला मालक लाभला असता तर होमब्रू नावाचा छंदच उरला नसता. कुंपण विरळ म्हणून जबाबदारी जास्त, आणि तिचा पैशाशी संबंध थोडा, नावाशी मोठा. इंजिनिअरांनी ही रीत जुन्या काळापासून पाळलीय. हार्टलीचा ऑसिलेटर, कॉलपिट्सचा, क्लॅपचा, पिअर्सचा. इतकी दशकं उलटली तरी पोरं ही नावं घेऊनच शिकतात.

नाव गळलं की काय होतं, त्याचा नमुना एकेकाळी पुण्याच्या प्रत्येक गच्चीवर उभा होता. दूरदर्शनच्या त्या काड्यांच्या अँटेनाला सगळे ‘यागी’ म्हणायचे. जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२० च्या दशकात त्यावरचं बरंचसं काम केलं शिंतारो उदा याने. ते जपानीत छापलं गेलं. त्याचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत निबंध लिहिला. त्यात उदाचा उल्लेख होता, पण पेटंट यागींच्या नावावर, आणि जग वाचतं इंग्रजी. उदा पुढे १९५० च्या दशकात युनेस्कोतर्फे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन काम करून गेला. ‘यागी-उदा’ हे जोडनाव पाठ्यपुस्तकांत रुजलं, बाजारात नाही. यागींनी काही लपवलं नव्हतं, तरी हे झालं. तुमच्या बोर्डावर तर मुळात उल्लेखच नाही.

आता दुसरी बाजू. तू म्हणशील, ठीक, मोठ्या अक्षरांत ‘मायक्रोबिटएक्स’ छापतो. तेही नको! अभंग कुणीही गावा, चाल बदलावी, ताल बदलावा. ‘तुका म्हणे’च्या जागी आपलं नाव घातलं तर लोक हसतील. पण स्वतः रचून त्याला ‘तुका म्हणे’ चिकटवणारेही होऊन गेले, आणि गाथेच्या अभ्यासकांना आजवर ते प्रक्षिप्त अभंग निवडत बसावं लागतं. तुम्ही ट्रॅक बदलले, फिल्टरचे भाग बदलले, आणि वर फक्त फरहानचं नाव टाकलं, तर उद्या तुमचा बोर्ड शिट्ट्या मारू लागला की बोल त्याला लागणार. तुमच्या बोर्डावरच्या नॅनोचंच बघ. अर्डुइनोवाल्यांनी डिझाइन खुलं दिलं, नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून राखलं. त्यामुळे सीएच ३४० चिप लावलेली स्वस्त नॅनो कुणीही करावी, पण तिच्यावर ‘अर्डुइनो’ छापलं की ती नक्कल न राहता बनावट होते.

हे मी तत्त्वासाठी ताणतोय असं वाटेल. तर मायक्रोबिटएक्सचंच पुढचं ऐक. २०१८ मध्ये बोर्ड जगभर गेले आणि लोकांनी ते स्पेक्ट्रम अॅनलायझरला लावले. काही बँडांवर हार्मोनिक नको तितके निघाले. कारण असं, की फिल्टर बदलणारे रिले आणि त्यांच्या आसपासचे ट्रॅक इतके जवळ होते, की सिग्नलचा थोडा भाग फिल्टरला वळसा घालून थेट अँटेनाकडे पळत होता. फिल्टर निर्दोष, वाट चुकीची. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे नको असलेलं उत्सर्जन मुख्य सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली हवं, तिथे हा बोर्ड अडत होता. वरच्या बँडांवर मिक्सरमधून येणारे भलते सिग्नलही सापडले. मोजणी करणाऱ्यांनी आकडे फरहानसमोर मांडले, काहींनी जादा रिले लावून तोडगे सुचवले, आणि पाचव्या आवृत्तीत त्याने मांडणीच बदलली. हे घडलं, कारण तक्रार कुणाकडे न्यायची ते प्रत्येक बोर्डधारकाला माहीत होतं. बिननावाच्या नकलेवर ही दुरुस्ती पोचत नाही. जुन्या आवृत्तीवरून उतरवलेला बोर्ड जुना दोषही इमानाने उतरवतो, आणि विकत घेणाऱ्याला आपल्या हातात कितवी आवृत्ती आहे याचा पत्ता नसतो.

नॅनोव्हीएनए या मोजणीच्या छोट्या उपकरणाचं असंच झालं. जपानी हॅम ‘ईडीवाय ५५५’ याने मूळ उपकरण केलं, ‘ह्युजेन’ने ते सुधारून आत पत्र्याचं शिल्डिंग घातलं, मग नकलांच्या नकला निघाल्या आणि चार पैसे वाचवायला काहींनी शिल्डिंगच उडवलं. दिसायला सगळे सारखेच काळे डबे.

आणि मूळ नाव जपणं हे फक्त हौशी लोकांचं खूळ आहे असं समजू नकोस. खडकी स्टेशनपासून विद्यापीठाचं आवार काही लांब नाही. तिथल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेची मंडळी खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवतात, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा. त्या दुर्बिणीचा दर्जा वाढवताना जी नवी डिजिटल यंत्रणा उभी केली, तिच्यात ‘रोच’ नावाचे बोर्ड बसवले. हे बर्कलीत सुरू झालेल्या ‘कॅस्पर’ या सहकार्याचे, दक्षिण आफ्रिकेच्या इंजिनिअरांचा हात लागलेले खुले बोर्ड. पुण्याच्या लोकांनी त्यांवर आपलं काम चढवलं, आणि लिहिताना दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या: बोर्ड कुणाचा, रचना आपली कोणती. त्याने जीएमआरटीचं काही उणं झालं नाही.

तेव्हा किट विका, माझी ना नाही. बोर्डाच्या पाठीमागे दोन ओळी छापा: मूळ मायक्रोबिटएक्स, अश्हर फरहान, व्हीयू टू ईएसई, अमुक आवृत्तीवर आधारित, खाली बदल तुमचे, तारीख तुमची, क्लबचा पत्ता तुमचा. सेटला नवं नाव द्या. कोड बदलांच्या नोंदीसकट प्रत्येकाला द्या, जेरीची ओळ जागच्या जागी. फरहानला आधी कळवा. कायद्याला त्याची गरज पडो न पडो, तुमचे बदल बघून तो एखादी खोट दाखवील, ती फुकटात मिळेल.

विकत घेणाऱ्यांना बजावा की बोर्ड तयार झाला म्हणून हवेत बोलायचं नाही. परीक्षा देऊन डब्ल्यूपीसीचा परवाना हातात येईपर्यंत सेट डमी लोडवरच चालवायचा. एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम होतात. दोन-दोन वॅटचे घ्या म्हणजे तापणार नाहीत. ते किटबरोबर दिलेत तर उत्तम, खर्च चहाएवढाच.

एक शंका मात्र आहे. फोटोवरून तुमच्या रिलेंची मांडणी मला चौथ्या आवृत्तीच्या वळणाची वाटते. तसं असेल तर पंचवीस बोर्ड छापायला टाकण्याआधी एक बोर्ड आणि डमी लोड घेऊन इकडे ये. ७ मेगाहर्ट्‌झवर पूर्ण ताकद देऊन १४ आणि २१ वर काय निघतं ते टाइनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम अॅनलायझरवर बघू. येताना संध्याकाळची लोकल धर, खडकीला उतरलीस की फोन कर. आणि कोड तुम्ही कितव्या आवृत्तीवरून घेतलाय, तेवढं आजच कळव.

तुझा,
मामा