डीव्हर

गेल्या आठवड्यात ओटीच्या सिस्टरनी जुना डीव्हर रिट्रॅक्टर भंगारात काढला. वरचं निकेल उडालं होतं, कडेनं गंज धरला होता. त्यांचं बरोबरच होतं. तरी मी तो उचलला आणि मनगट आपोआप वळून उभं राहिलं.

पोटाच्या ऑपरेशनला ज्यांनी असिस्ट केलंय त्यांना सांगायला नको. लिव्हर वर सारायचं आणि हलायचं नाही. बोटं बधिर होतात, आत काय चाललंय ते सरांच्या खांद्याआड राहतं. एमएसचं पहिलं वर्ष माझं यातच गेलं. युनिटचे मोठे सर म्हणजे सोन्याचा हात, पण सुरी त्यांनी कुणाला दिली नाही. त्यांचे रजिस्ट्रार पास होऊन बाहेर पडत आणि साधं अपेंडिक्स एकट्यानं करायला धजत नसत. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

त्याच युनिटला एक लेक्चरर होते. एका रात्री पर्फोरेशन आलं, ऊसतोडीचा कामगार, पोट लाकडासारखं कडक. या लेक्चरर सरांनी पोट उघडलं, ड्युओडेनमवरचं छिद्र दाखवलं, आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "तिकडे जा," म्हणाले, आणि माझ्या हातातला डीव्हर स्वतः घेतला. ओमेंटमचा पॅच बसवताना मी दुसऱ्या टाक्याशी थबकलो. ते काही बोलले नाहीत. डीव्हर जरासा उचलला, मला नीट दिसावं म्हणून.

ही रेसिडेन्सीची पद्धत हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनची. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९मध्ये उघडलं, तिथे त्यांनी ती घडवली: जबाबदारी पायरीपायरीनं वाढवत न्यायची. न्यूरोसर्जन हार्वे कुशिंग त्यातूनच तयार झाले. पण तिथेही मुदत ठरलेली नसे, बरेच गळत आणि एखादाच वर पोचे. शस्त्रक्रियेचे रबरी मोजेही याच हॉलस्टेडनी गुडइयरकडून करून घेतले. ते कॅरोलिन हॅम्प्टन या नर्ससाठी. पाऱ्याच्या जंतुनाशकानं तिचे हात सोलवटत.

बाईच्या हातांसाठी केलेले मोजे! आणि आमच्या बॅचमधल्या एकुलत्या एक मुलीला ओटीत साडेसातचेच मिळायचे. तिचा हात सहाचा. बोटांची टोकं लोंबायची, गाठ मारताना रबर दोऱ्यात अडकायचं, की मोठे सर म्हणत, "म्हणूनच सांगतो, गायनॅकला जा." ती गेली. आमच्या सगळ्यांत सुबक टाका तिचा होता.

आमच्या परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ला आलं, सरकारी मेडिकल कॉलेज २०२३ला. तोवर इथली पोरं अंबाजोगाईला, नांदेडला, नाहीतर औरंगाबादच्या घाटीत जायची. शेजारची मुलगी आता इथेच शिकते. तिला सर्जरी करायचीय. अजून एमबीबीएस संपायचंय, पुढे नीट पीजी आहे, पण परवा तिनं विचारलं, "काका, एमएसला कुठलं कॉलेज चांगलं?"

मी म्हटलं, नावाचं मागाहून बघू. आधी तिथल्या रजिस्ट्रारला गाठ आणि विचार, शेवटची केस तू केलीस तेव्हा सर टेबलाच्या कुठल्या बाजूला उभे होते. मग ओटीच्या सिस्टरना विचार, सहाचे मोजे ठेवता का. नसतील तर पहिल्याच आठवड्यात इंडेंट टाकायला लाव, लाजू नकोस.