देवाच्या नावाची पट्टी

मंडळी, बाईची पन्नाशी जवळ आली की एक हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. आजवर ज्यांच्या ज्यांच्या पाया पडलो, त्यांत देव किती होते आणि माणसे किती होती? त्याच हिशेबाबद्दल आज चार शब्द बोलते. कुणाला लागले तर लागू द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगते, माझा देव कुठे गेलेला नाही. पहाटे चूल पेटवताना विठ्ठलाचे नाव तोंडात येते. एकादशी मी सोडत नाही. सासूबाई गेल्यापासून त्यांची तुळशीची माळ माझ्या गळ्यात आहे. तेव्हा ‘बाई नास्तिक झाली’ म्हणून पान उलटू नका. मी विटले आहे ती देवाच्या दारात बसून देवाच्या नावाने जमाखर्च करणाऱ्यांना.

आमच्या गावात हनुमान जयंतीच्या आधी सात दिवस सप्ता बसतो. लग्न होऊन आले तेव्हाचा सप्ता मला चांगला आठवतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही म्हणून गडीमाणसे पहारे वाटून घ्यायची. भाकरी घरोघरच्या. कुणाच्या वीस, कुणाच्या दहा, अडचणीतल्या घरच्या दोन. दुरड्या देवळात गेल्या की सगळ्या भाकरी एका धोतरावर ओतायच्या. मग वीसवाली कोण आणि दोनवाली कोण, हे देवालाही ओळखू यायचे नाही. कीर्तनकार बुवा शेजारच्या गावचे शेतकरीच. जाताना नारळ, उपरणे आणि एस.टी.चे भाडे घ्यायचे, आमटी-भाकरी खाऊन आशीर्वाद द्यायचे.

आता पट्टी बसते. घरटी दोन हजार रुपये. चाळीस एकर बागायतवाल्यालाही दोन हजार आणि दीड एकर कोरडवाहूवाल्यालाही दोन हजार. देवापुढे सगळे सारखे, असे कमिटी म्हणते. पण हे सारखेपण पट्टी घेण्यापुरतेच. मानाची आरती, फलकावरचे फोटो, पुढची पंगत, तिथे पुन्हा मोठी घरे पुढे आणि वस्तीवरची माणसे मागे. मोठ्या नावाचे महाराज मोटारीने येतात, त्यांची बिदागी महिनाभर आधी ठरलेली असते. कीर्तनात ते सांगतात की हल्लीच्या सुना बिघडल्या, बायकांनी मर्यादेत राहावे. खाली बसून ऐकणाऱ्या बायका दिवसभर कांदा काढून आणि वर पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापून आलेल्या असतात. त्यांना मर्यादा शिकवायला पैसे मोजून माणूस आणायचा!

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारची बाई धनी गेल्यावर दोन लेकरांना घेऊन दीड एकर कसते. तिच्या दारी पट्टीला माणसे आली. तिने दोन पायल्या ज्वारी पुढे केली. ती म्हणाली, ‘एवढी गोड मानून घ्या.’ तर म्हणाले, ‘धान्य नको, रोख द्या. मांडववाला ज्वारी घेत नाही.’ चार दिवसांनी तिने शेळी बाजारात नेली. ती शेळी म्हणजे तिच्या लेकीची जूनमधली वह्या-पुस्तके होती. काल्याच्या दिवशी भोंग्यावरून देणगीदारांची नावे वाचली, पाच हजारांच्या पुढची. बुंदीची पंगत उठली. शेजारीण जेवायला आली नव्हती. ती का आली नाही, हे भोंग्यावर कुणी विचारले नाही.

यंदा बैठक झाली तेव्हा मी देवळाच्या ओट्यावर बायकांत उभी होते. उभ्याउभ्याच विचारले की गेल्या वर्षी जमा किती, खर्च किती, शिल्लक कुठे? सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, ‘वहिनी, देवाच्या कामात हिशेब विचारायचा नसतो.’ दुसरा म्हणाला, ‘भाऊंना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’

आपण आडतीवर कांद्याची पट्टी तीनदा वाचतो. हमाली किती कापली, तोलाई किती कापली, बघतो. मग देवाच्याच पैशाला तेवढा पडदा का? कायदाही तसे सांगत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे नोंदलेल्या देवस्थानाला हिशेब ठेवावा लागतो, आणि त्याच्यावर नजर ठेवायला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. पंढरपूरचेच बघा. तिथल्या देवळांसाठी १९७३ साली कायदा झाला. बडवे आणि उत्पात कोर्टात गेले, तंटा चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा दावा हरला. त्याच वर्षी समितीने पूजेसाठी निरनिराळ्या जातींची माणसे नेमली, त्यांत बायकाही होत्या. विठ्ठल काही रागावून वीट सोडून गेला नाही. मग आमच्या गावच्या देवळाची वही उघडली तर कुठले आभाळ कोसळणार आहे?

आपल्या संतांकडे पाहिले की मला धीर येतो. चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिले नाही. त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. ते गेले चौदाव्या शतकात, आणि त्यांच्या समाजाला ते दार उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी राहावे लागले. सहाशे वर्षे दार कुणी लावून धरले होते? देवाने तर नाही. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळण-कांडण करता करता तिने अभंग रचले. तिला कुठल्या कमिटीने बिदागी दिली होती? गाडगेबाबा १९५६ साली गेले. गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, असे सांगायचे. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्यांत गोरगरीब वारकरी टेकले. आज ते आमच्या सप्त्यात आले असते तर आधी त्या शेळीचे पैसे परत करायला लावले असते, असे मला वाटते.

म्हणून मी कमिटीला निरोप धाडला आहे. आमच्या घरची दोन पायल्या ज्वारी, डाळ आणि भाकरीला माझे हात, हे दरसालप्रमाणे मिळेल. रोख पट्टी गेल्या वर्षीचा हिशेब पारावर वाचल्यावर मिळेल, आधी नाही. आमचे हे म्हणाले, ‘आपल्याला गावात राहायचे आहे.’ त्यांचे खोटे नाही. पाण्याची पाळी गावातल्या माणसांकडून घ्यायची, शेताचा रस्ता त्यांच्याच बांधावरून. थोरलीचे लग्न ठरायचे आहे, चौकशीला पाहुणे आले की पहिले देवळापाशीच थांबतील. तिथे कोण काय बोलेल सांगता येत नाही. हे सगळे मला कळते. रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरते. तरी निरोप मागे घेतलेला नाही. दोन दिवसांनी मागच्या गल्लीतली एक सून पाण्याला जाताना हळूच म्हणाली, ‘आत्या, आमच्याही घरी तेच ठरलंय.’ अशी आता पाच घरे झाली आहेत.

तुमच्याही गावात सप्ता असेल, यात्रा असेल, कळस चढवायचा असेल. देव सोडा असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की तीन गोष्टी विचारा. मागचा हिशेब वाचला काय? पट्टी ऐपत बघून बसवली काय, की घरटी एकच? आणि ज्याच्याकडे रोख नाही त्याची ज्वारी देवाला चालते की नाही? या तीन गोष्टी विचारणारा माणूस देवाचा वैरी होत नाही. बायांनो, तुम्ही तर विचाराच, कारण त्या पंगतीतली प्रत्येक भाकरी तुमच्या हातची असते.

आमच्या कमिटीचा अजून जबाब आलेला नाही. वीणा उभी राहील त्या पहाटे मी काकड्याला जाणार आहे. शेजारणीलाही सांगून ठेवले आहे, आपण दोघी बरोबर जायचे आणि पुढे बसायचे.