एक वर्ष आणि एक दिवस

३१ ऑक्टोबर, शेफील्ड
दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस शिकायचं, अशी विक्का या निसर्गपूजक पंथात रीत आहे. आज माझा पहिला दिवस आणि पहिला सण, साविन. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. आमचे भाजीचे वाफे शेजारी शेजारी, ओळख तिथलीच.

टेबलावर गेलेल्या माणसांचे फोटो मांडलेले, रिकाम्या खुर्चीपुढे एक ताट वाढलेलं. उत्तरेला मीठ, पूर्वेला धूप, दक्षिणेला मेणबत्ती, पश्चिमेला पाणी. बाईंनी त्याभोवती एक फेरी घातली, आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेनं. मी लगेच म्हणाले, “आमच्याकडेही पितृपक्ष असतो.” “असेल,” त्या म्हणाल्या, “पण आज तुझ्या माणसांची नावं घे.” मी आईचं नाव मोठ्यानं घेतलं. किती दिवसांनी!

रात्री वहीत दोन रकाने आखले: ‘इथे’ आणि ‘आपल्याकडे’.

२१ डिसेंबर
यूल. दिवस साडेसात तासांचा. चार वाजायच्या आत सूर्य बुडाला. ओकच्या ओंडक्यावर मेणबत्ती लावून आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या रकान्यात ‘संक्रांत’ लिहिलं आणि खोडलं. आमच्या घरच्या तिळगुळामागे अंधाराची धास्ती कधीच नव्हती. इथल्या ज्योतीमागे आहे.

१ फेब्रुवारी
इम्बोल्क. ब्रिजिडचा सण, मेंढ्यांना दूध उतरायचा काळ. बाईंनी ओढ्याकाठची लव्हाळी कापून आणली होती. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्यावर दुमडायची, पाव वळसा फिरवायचं, पुन्हा दुमडायचं. मधला चौकोन अंगठ्यानं दाबून धरला नाही तर सगळं सुटतं. माझं तीनदा सुटलं. चौथ्यांदा चार हातांचा क्रॉस झाला. हे विणकाम आयर्लंडचं, आणि ब्रिजिड तिथे देवी आहे तशी ख्रिस्ती संतही. वाफ्याच्या कडेला स्नोड्रॉप उगवले आहेत, पांढरे, मान खाली घातलेले.

२० मार्च
ओस्टारा. दिवस-रात्र समान. आठवडाभर इतिहास वाचते आहे आणि मन खट्टू झालं आहे. विक्का पंथ रुजवणारे गेराल्ड गार्डनर मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून १९३६ साली इंग्लंडला परतले. जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आठ सणांचं चक्र जुळलं तेही १९५०च्या दशकात. ओस्टारा, लिथा, मेबन ही सणांची नावं तर एडन केली या अमेरिकन लेखकानं १९७०च्या दशकात रूढ केली. मी पुरातन समजत होते ते माझ्या आईच्याच वयाचं निघालं.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आरे जुने, जोडणी नवी. चाक जोडणाऱ्या सुताराचं नाव आम्ही लपवत नाही. आता ते चाक जमिनीला टेकतं का, ते तू बघ.”

१ मे
बेल्टेन. आज हॉथॉर्नच्या फुलांनी दार सजवायचं असतं. बांधावरच्या झाडावर नुसत्या हिरव्या कळ्या. बाईंनी कारण सांगितलं: १७५२ साली इंग्लंडनं दिनदर्शिका बदलली तेव्हा ११ दिवस गाळले. सण तारखेबरोबर अलीकडे सरकला, झाड जागेवर राहिलं. “मग?” “झाडाची वाट पाहू.”

१७ मे
फुललं! रात्रीतून भुरभुरल्यासारखं पांढरं. पाच गोल पाकळ्या, मधे गुलाबी टोकांचे केसर. वास जड, थोडा कुजका; म्हणून ही फुलं घरात नेत नाहीत, दाराबाहेरच बांधतात. आम्ही फांदीला फिती बांधल्या आणि परातीएवढ्या जाळावरून उडी मारली. मी पंचेचाळीस वर्षांची, बाई सत्तरीच्या, एकमेकींचा हात धरून. दुसरा रकाना कोरा ठेवला. आज लक्षात आलं, तो रकाना भरताना मी समोरचं पाहतच नव्हते.

२१ जून
लिथा. सतरा तास उजेड. रात्री धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन, काळजीत: “ताई, चेटूक शिकतेस का?” तिला सांगितलं, यांचा मूळ नियम एकच आहे: कुणाला इजा होऊ न देता हवं ते कर. यांच्याकडे सैतान नाही. देवी आहे, शिंगांचा देव आहे, ऋतू आहेत. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “फुलांचे फोटो पाठव.”

१ ऑगस्ट
लामास. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पावाची प्रार्थना. कणीक मळून तीन पेडांची वेणी घातली. पहिला तुकडा तोंडात घालायचा नाही, मातीला द्यायचा. तो वाफ्यात पुरताना हात थरथरले. ज्या मातीनं वर्षभर मला घेवडा दिला, तिला मी पहिल्यांदाच काही परत देत होते.

२२ सप्टेंबर
मेबन. पुन्हा समान दिवस. सफरचंद आडवं कापलं की आत पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. अर्धं बाईंनी खाल्लं, अर्धं मी.

१ नोव्हेंबर
वर्ष आणि एक दिवस पुरा. काल आईसाठी ताट वाढलं, भाकरी आणि घेवड्याची भाजी. दीक्षा घ्यायची का, असं बाईंनी विचारलं. “आणखी एक वर्ष शिकते,” मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

चाक जमिनीला टेकतं. सत्तर वर्षांपूर्वी जोडलेलं असलं तरी टेकतं, कारण ते पाळायचं तर दर सहा-सात आठवड्यांनी बाहेर जाऊन झाड पाहावंच लागतं. बांधावरच्या हॉथॉर्नवर आज लाल फळं आहेत.