कोरा रकाना

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावी एका परिचित कुटुंबाकडे आम्ही मुक्कामाला होतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरच्या माउलीने पेटीतून कागदांची पिशवी काढली. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि एक कोरा अर्ज तिने आमच्यापुढे ठेवला.

"भाऊ, धर्माच्या रकान्यात काय लिहू? लोक म्हणतात, जुनंच राहू द्या. खोटं लिहिलं तर मिस्साला कोणत्या तोंडानं जाऊ? आन् खरं लिहिलं तर पोराचं नुकसान."

तिच्या सासऱ्यांना दोन मुलगे. थोरल्याने बुद्धधम्माची दीक्षा घेतली, धाकट्याने बाप्तिस्मा घेतला. दोघांची घरे एकाच वस्तीत, पाणी एकाच हापशाचे. गावाच्या लेखी दोघेही पूर्वीच्या महारवाड्यातलेच. मात्र थोरल्याच्या मुलाला अनुसूचित जातीचा दाखला मिळाला. धाकट्याच्या मुलाला तो मिळू शकत नाही. आजोबा एक, नातवांची वाट वेगळी.

या वेगळेपणाचे मूळ १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्मीयांखेरीज इतरांना अनुसूचित जातींतून वगळले. पुढे संसदेने कायदा करून १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना आत घेतले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट घातलेली नाही. याच शासनाने १९९३ साली आपल्याला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. म्हणजे अल्पसंख्याक म्हणून आपली नोंद आहे, पण आपल्यातील दलिताची दलित म्हणून नोंद नाही! रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ साली याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोग येतात, अहवाल लिहिले जातात आणि दरम्यान मुलांची शाळेची वर्षे सरून जातात.

ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला, असे विचारले जाते. शिकवणीत जात नाही हे खरेच. परंतु माणूस देवळात तासभर असतो, गावात जन्मभर. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पाप धुतले जाते. गावाची स्मरणशक्ती धुतली जात नाही. आणि आपले तरी हात स्वच्छ आहेत काय? भारतातील कॅथोलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही हा भेद नांदतो हे त्यांनी मान्य केले. सोयरीक जुळवताना आपण हळूच काय विचारतो, ते ज्याचे त्याने आठवावे.

कधी कधी आपल्याला परकेही ठरवले जाते. फादर स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. २०२० साली याच मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. मराठीने आपल्याला केव्हाच घरात घेतले आहे. कायद्याने मात्र आपल्या दलित बांधवाला अद्याप उंबऱ्याबाहेर ठेवले आहे.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथची आख्यायिका प्रसिद्ध आहे. कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळाच्या मागे पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले म्हणतात. तिसरा परिच्छेद फिरवण्यास चमत्कार लागत नाही. संसदेचा एक कायदा पुरे होतो, हे १९५६ व १९९० साली दिसून आले आहे.

त्या रात्री आम्ही माउलीला उत्तर देऊ शकलो नाही. खोटे लिही म्हणवेना आणि मुलाचे भविष्य सोडून दे म्हणण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? सकाळी निघालो तेव्हा अर्ज तसाच पडला होता, रकाना कोराच.

दरवर्षी १० ऑगस्टला आपल्या अनेक धर्मग्रामांत या आदेशाचा निषेध होतो. त्या दिवशी शासनाकडे न्याय जरूर मागावा. पण तोच न्याय आपल्या बाकावर, आपल्या पंगतीत आणि आपल्या सोयरिकीत आधी द्यावा. तरच त्या माउलीला, "खरे तेच लिही, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत," असे सांगण्याचे धैर्य आपल्याला येईल.