पळणाऱ्याला वाट

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या खोलीत दर रविवारी रात्री कत्तल चालत असे. रेक्टरसाहेबांनी दचकू नये. मरणारे सारे कागदावरचे होते.

पुष्कळांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राचे सोंग घेतो आणि एक जण सूत्रधार होतो. भुयारे, चोर, राक्षस हे सगळे सूत्रधाराने उभे करायचे. पात्रांनी आपण काय करतो ते सांगायचे. जिथे शंका तिथे फासे टाकायचे. सूत्रधाराचे काम माझ्याकडे आले, कारण नकाशे काढण्याइतका रिकामा वेळ आमच्यात फक्त माझ्याकडेच होता.

एका रात्री आठ गॉब्लिनांशी गाठ पडली. गॉब्लिन म्हणजे पाश्चात्त्य लोककथांतले बुटके, खोडसाळ जीव. सात पडले. आठवा रक्तबंबाळ, हातात मोडकी सुरी, समोर चार शस्त्रसज्ज वीर, आणि मी जाहीर केले, “तो धावून येतो.” अर्थशास्त्राच्या आमच्या मित्राने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “अरे, याला घरी कुणी नाही का?”

सगळे हसले. मला मात्र ते लागले. माझे शत्रू शूर नव्हते, लाकडी होते. भिण्याची मुभाच मी त्यांना दिली नव्हती.

त्या रात्री मी पुन्हा पुस्तक काढले. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत शत्रूच्या मनोधैर्याचा नियम आहे. तो ऐच्छिक असल्यामुळे मी ओलांडून गेलो होतो. प्रत्येक शत्रूच्या नावापुढे २ ते १२ पैकी एक आकडा असतो. त्यांच्यातला पहिला पडला की दोन फासे टाकायचे. निम्मे कामातून गेले की पुन्हा टाकायचे. बेरीज त्या आकड्याहून जास्त आली की अवसान गळाले: ते पळतील किंवा शरण येतील. दोन्ही वेळा टिकले, तर मात्र शेवटपर्यंत लढतील. कोबोल्ड ६, गॉब्लिन ७, ऑर्क ८. सांगाडे आणि झोंबी १२. दोन फाशांत बाराहून जास्त पडतच नाही. जे आधीच मेले आहेत, त्यांना कसली आली भीती! गॉब्लिनांची फेक ३६ पैकी १५ वेळा फसते, म्हणजे पहिला गडी पडताच पळापळ होण्याचा संभव बराच.

पुढच्या रविवारपासून मी हा नियम लावला आणि खेळाचा रंगच पालटला. पण केवळ फासे टाकून भागत नाही, हेही लवकरच कळले. फासे ‘पळाले’ एवढेच सांगतात. कोण, कुठे आणि का, हे सूत्रधाराने ठरवायचे. म्हणून लढाईआधी मी वहीत लिहू लागलो, की यांना हवे आहे तरी काय? लांडग्यांना भक्ष्य हवे, वाटमाऱ्यांना थैली हवी, पहारेकऱ्याला फक्त पगार हवा. पगारासाठी जीव कोण देणार? मग पळण्याआधीची चिन्हे दाखवू लागलो: एक जण दाराकडे पाहतो, दुसऱ्याची ढाल खाली येते. आणि दार उघडे ठेवू लागलो. कोंडलेले मांजरसुद्धा अंगावर येते.

त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला पानिपत चालू होते. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे सांगतात. मी वहीच्या समासात लिहून ठेवले: ‘सरदार पडला की जादा फेक.’ सरांना वाटले, मी टिपणे घेतो आहे.

गणपतीत घरी गेलो. थोरला दादा चार वर्षे पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होता. आरतीनंतर तो आईला म्हणाला, “मी परत आलोय. आता पुरे.” घरात पाहुणे होते. मी, जणू विनोद म्हणून, बोलून गेलो, “काय दादा, गळालं अवसान?” तो काही बोलला नाही. निरांजनात तेल घालीत राहिला.

दसऱ्यानंतरच्या खेळात एका गॉब्लिनने सुरी टाकून हात वर केले. एक मित्र म्हणाला, “मारा, उद्या दहा घेऊन येईल.” दुसरा म्हणाला, “शरण आलेल्याला मारायचं असेल, तर मी उठतो.” अर्धा तास वाद चालला. त्यात कुणीतरी मला विचारले, “आमच्यासाठी नाही का रे ही फेक?”

मी नियम पाहिला. खेळाडूंच्या पात्रांना ही फेक नसते. लढायचे की मागे फिरायचे, हे त्यांनी स्वतःच ठरवायचे. पुस्तकातली ही साधी ओळ मोठ्याने वाचताना माझा आवाज अडखळला. दादाचे अवसान गळाले नव्हते. त्याच्यावर कुणी फासे टाकले नव्हते. चार वर्षांचा हिशेब मांडून तो स्वतःच्या पायांनी मागे फिरला होता. आणि ज्या वाटेने तो परतला, त्या वाटेवर घरचा माणूस म्हणून मी सुरी घेऊन उभा होतो.

गॉब्लिनला आम्ही सोडले. तो दहा जण घेऊन आला की नाही, हे सूत्रधाराचे गुपित आहे.

दिवाळीत मी फासे घरी नेले. दादा एका बियाणांच्या दुकानात हिशेब पाहू लागला होता. फराळ झाल्यावर मी म्हटले, “दादा, त्या दिवशी मी चुकलो.” तो म्हणाला, “ते राहू दे. तुझा तो खेळ दाखव.” तिसऱ्याच खोलीत मी त्याच्यापुढे भला थोरला राक्षस उभा केला. त्याने नकाशा न्याहाळला, चिवड्याचा घास घेतला आणि शांतपणे म्हणाला, “मी दार ओढून घेतो आणि परत जातो. दुसरी वाट असेल की.”

खरे म्हणजे नकाशावर दुसरी वाट नव्हती. मी पेन्सिल घेऊन ती काढली.