नांदेडची सरकी आणि लातूरची डाळ

नांदेडचे नाव निघाले की गोदावरीचे घाट आणि श्रीगुरुगोविंदसिंहांचा सचखंड गुरुद्वारा यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्येष्ठ संपत आला असता या शहरात उतरणाऱ्या प्रवाशास आणखी एक नांदेड दिसते. मोंढ्यात बियाणांच्या दुकानांपुढे शेतकऱ्यांची दाटी झालेली असते. एक डोळा आभाळाकडे व दुसरा पिशवीवरील किमतीकडे, अशा स्थितीत ही मंडळी कपाशीचे बी निवडीत असतात. निजामाच्या राजवटीत या मुलखातील गावरानी कापूस नावाजलेला होता. त्या कापसावर चालणारी येथील उस्मानशाही गिरणी आता इतिहासजमा झाली. पण सरकीचे महत्त्व मात्र ओसरलेले नाही.

याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या आश्रयाने, ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण तयार झाले व १९८४ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे म्हणून ते महाराष्ट्राबाहेरही गेले. संकरित वाणाचे मर्म त्याच्या आईबापांत असते. पिशवीतील सरकी कोणीही विकत घ्यावी व पेरावी. परंतु तिच्या पिकातली सरकी पुढल्या वर्षी पेरली तर तोच गुण एकसारखा उतरत नाही. म्हणून ज्याच्या हाती मातृवाण व पितृवाण, त्याच्याच हाती व्यापाराची किल्ली. खाजगी कंपन्या हे मूळ वाण डोळ्यांत तेल घालून जपतात, ते याचसाठी.

विद्याधन चोराला नेता येत नाही, असे मी वर्गात पस्तीस वर्षे शिकविले. ते अक्षरशः खरे आहे. चोराने विद्या नेली तरी मूळ धन्याजवळ ती राहतेच. मग धन्याचे गेले काय? याचे उत्तर अमेरिकेतील आयोवा प्रांतातील एका शेताने दिले आहे. २०११ च्या मे महिन्यात तेथे एक चिनी गृहस्थ, नुकताच पेरलेला मका उकरीत असता, पायोनियर कंपनीच्या माणसाला आढळला. ते शेत मूळ वाणाचे होते. पुढे तपासात असे उघड झाले की, हे गृहस्थ व त्यांचे सोबती चीनमधील एका बियाणे कंपनीसाठी असे दाणे जमवीत होते. काही दाणे तर लाह्यांच्या मक्याच्या खोक्यांत लपवून देशाबाहेर नेण्याचा बेत होता. २०१६ साली त्यांनी गुन्हा कबूल केला व त्यांस तीन वर्षांची शिक्षा झाली. असे एक मूळ वाण सिद्ध करण्यास पाच ते आठ वर्षे आणि किमान तीन कोटी डॉलर लागतात, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तेव्हा मूठभर दाण्यांबरोबर गेली ती इतक्या वर्षांची मेहनत. मेहनतीचे फळ दुसराच नेणार असे ठरले, तर पुढचे वाण शोधण्याच्या खटपटीत कोण पडेल?

नांदेडहून लातूरकडे निघाले की लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. तेथील खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची जुनी चाल आपल्याकडे आहेच. त्यात कोणी पाप मानीत नाही. तेव्हा गुपित राखणे हा दोष नव्हे, आणि दुसऱ्याची विद्या घेणे हाही सर्वस्वी दोष नव्हे. आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. कच संजीवनी विद्येसाठी शत्रूच्या राज्यात गेला. परंतु आपले नाव व कुळ सांगून गेला आणि वर्षानुवर्षे गुरुसेवा करून राहिला. कर्णाने परशुरामापाशी खोटे कुळ सांगून ब्रह्मास्त्र घेतले. शाप दोघांनाही मिळाला. पण कचाला विद्या स्वतः वापरता आली नाही तरी त्याने ती ज्यांना शिकविली त्यांना ती फळली. कर्णाला मात्र ऐन युद्धात अस्त्र आठवले नाही. विद्या कोणाची, हा प्रश्न दोन्ही कथांत गौण आहे. ती कोणत्या वाटेने आली, हाच खरा प्रश्न.

हा न्याय आपल्यालाही लावला पाहिजे; नाहीतर दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ दिसावे आणि आपल्या डोळ्यांतले मुसळ दिसू नये, असे व्हायचे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले, तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ साली रद्द करविले. नांदेडच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पाहताना त्याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु त्याच मोंढ्यात विकल्या जाणाऱ्या सरकीची कथा निराळी आहे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषी विद्यापीठ यांच्या प्रयत्नाने ‘बिकानेरी नरमा’ कापसाचे स्वदेशी बीटी वाण तयार झाले व २००९ च्या खरिपात पेरले गेले. ते स्वस्त होते, आणि त्याची घरची सरकी पुन्हा पेरता येण्यासारखी होती. त्यावरून आपल्या नांदेड-४४ चेही बीटी रूप करण्यात आले. पुढे तपासणीत त्या बियात मॉन्सॅण्टो कंपनीचा जनुक आढळला, विक्री थांबली, आणि २०१२ च्या अखेरीस सोपोरी समितीचा अहवाल आला. कोणी हेतुपूर्वक चोरी केली, असा आरोप येथे करावयाचा नाही. केवळ भेसळ झाली एवढेच धरले, तरी बी हरवले ते शेतकऱ्याचे. ज्या विद्येच्या वाटेचा हिशेब देता येत नाही, ती ऐन हंगामात दगा देते, हे कर्णाच्या कथेतले सत्य येथे पुन्हा प्रत्ययास आले.

आणखी एक प्रकार आहे. तणनाशक सहन करणारी विनापरवाना कपाशी गेली काही वर्षे आपल्या राज्यात चोरून पेरली जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात काही शेतकऱ्यांनी ती उघडपणे पेरून सत्याग्रहच केला. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे दुःख खरे आहे. तथापि आडमार्गाच्या पिशवीबरोबर पावती येत नाही. आणि बी उगवले नाही तर शेतकऱ्याने दाद मागावी कोणाकडे?

अहमदपूर व चाकूर मागे टाकून लातुरात शिरले की गंजगोलाई दिसते. १९१७ साली बांधलेल्या या वर्तुळाकार पेठेच्या मध्यभागी जगदंबेचे देऊळ असून सोळा रस्ते तेथे येऊन मिळतात. राष्ट्रकूट राजे स्वतःस ज्या लत्तलूरचे स्वामी म्हणवीत, ते हेच गाव असे मानतात. येथील वैभव डाळींचे व तेलबियांचे. या जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीस, पानचिंचोलीच्या चिंचेस व कास्ती कोथिंबिरीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीसही मिळाले. येथे नांदेडच्या उलट रीत आहे. सरकीच्या आईबापांचे रक्षण मौनाने होते. डाळीचे रक्षण तिचे गाव जाहीर केल्याने होते. जे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांस ठाऊक आहे, त्याला उघड नाव देणे हेच त्याचे कुलूप.

हे सारे शेती-व्यापाराचे प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे मात्र कोणी म्हणू नये. आज आपल्या घरोघरची मुले-मुली पुण्या-बंगळुरास आणि परदेशी कारखान्यांत व प्रयोगशाळांत काम करीत आहेत. एक नोकरी सोडून दुसरी धरताना बरोबर काय न्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतोच. १९९५ च्या जागतिक व्यापार कराराने अप्रकट माहितीस संरक्षण दिले. आपल्याकडे अशा तंट्यांत आजवर मुख्यतः करारभंग व विश्वासभंग यांचाच न्याय लागत आला. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये स्वतंत्र कायद्याची शिफारस केली, व लोकहितासाठी अन्याय उघड करणाऱ्यास त्यातून सूट असावी असेही सुचविले. कायदा येईल तेव्हा येवो. हाताला लागलेले वळण व बुद्धीला आलेली धार ही ज्याची त्याची असते. ती खुशाल न्यावी. धन्याच्या टिपणवह्या, आकडे व नमुने मात्र त्याच्याच कपाटात ठेवून निघावे. आणि नव्या धन्याने “तिकडचे काही आणले आहे काय?” असे विचारले, तर नकार देण्याचे धैर्य आपल्या मुलांना आपल्या घरातूनच मिळालेले असावे.