पाऊस ओळखणारं घर

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये बस चढ चढत शहराबाहेर निघू लागली, की दोन्ही अंगांना गिरण्यांच्या धुराने काळवंडलेली दगडी शेतघरं दिसतात. इथे राहायला आल्यापासून मला त्यांचा लळा लागला आहे. त्यातही 'लेथ-हाउस'चा. राहतं घर, गोठा आणि गवताचं कोठार, सगळं एका लांब छपराखाली. पेनाइन डोंगरात अशी घरं 17व्या शतकाच्या मध्यापासून 19व्या शतकापर्यंत बांधली जात होती. थोडी जमीन, चार गुरं आणि जोडीला घरात हातमाग, असा इथला संसार. मागावर उजेड हवा म्हणून माडीला खिडक्यांची रांग आणि कोठाराला भरली गाडी आत जाईल एवढी कमान.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं असं घर आहे. त्याचा प्रत्येक दगड पाऊस ओळखून बसवलेला आहे. छपरावर दगडी फरश्या आहेत. वळचणीला, जिथे सगळं पाणी उतरून येतं, तिथे सर्वांत मोठ्या, म्हणजे सांधे कमी; आढ्याकडे त्या लहान होत जातात. खिडकीवर पुढे आलेल्या दगडी पट्टीखालून बोट फिरवलं तर बारीक खोबण लागते. ओघळ तिथेच तुटतो आणि थेंब काचेपासून दूर पडतो.

भिंत आपल्या जुन्या वाड्यांसारखी दोन पदरी, मध्ये भर. दोन्ही पदर धरून ठेवायला जागोजागी लांब दगड घातलेले. गवंडी त्यांना 'थ्रू-स्टोन' म्हणतात. दरजा चुन्याच्या. असली भिंत पाऊस पिणारच, पण चुना ते पाणी वाऱ्यावर परत सोडतो. मधल्या काळात कुणीतरी या दरजा सिमेंटने भरल्या. पाण्याची वाट बंद झाली, आत ओल धरली आणि बाहेर दगडाचे पापुद्रे सुटू लागले. दरज नेहमी दगडाहून मऊ हवी. ती झिजली तर पुन्हा भरता येते, तीनशे वर्षांचा दगड कुठून आणायचा?

यंदा छिन्नी-हातोड्याने सिमेंट उकरून चुना भरायला घेतला. ओला चुना झटकन वाळू नये म्हणून त्यावर भिजवलेली गोणपाटं टांगली होती. दव गोठायला लागलं की हे काम थांबवावंच लागतं. नव्या चुन्याला हिम सोसत नाही. म्हणून उरलेलं काम आता वसंतातच. पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त पाऊस खाते आणि नेमकी तीच वसंतापर्यंत सिमेंटमध्ये राहणार, याचं मला फार वाईट वाटतं.